कुबराच्या घराची किल्ली

माझ्या नवऱ्याला, म्हणजे सदानंदला, जगात एकच वाक्य न अडखळता बोलता येतं: "काही काळजी करू नका, आम्ही आहोत ना." बाकी काहीही विचारा, भाजी कुठली आणू, ओवीला कुठल्या कॉलेजात घालू, गादी बदलायची का, सगळ्याला एकच उत्तर. "बघू." आम्ही शारजात आलो तेव्हा मी विचारलं होतं, परत पुण्याला कधी जायचं? "बघू," म्हणाला. आमची ओवी इथेच जन्मली, इथेच वाढली, आता माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झाली आणि मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देते. ते घोंगडं मात्र अजून भिजतच पडलंय.

वाईट माणूस नाही हं. उलट गल्लीत त्याच्याइतका लाडका माणूस नाही. खंडोबा कुलदैवत, नवसाने झालेला, म्हणून सासऱ्यांनी नाव सदानंद ठेवलं. दुबईत अल क्वोजला एसी मेन्टेनन्सच्या कंपनीत कोऑर्डिनेटर आहे. दिवसभर कानाला फोन. कुठल्या टॉवरचा चिलर बसला, कुठल्या लेबर कॅम्पातल्या खोलीत एसी नुसताच घरघरतोय, सगळी बोंब याच्याकडे. आणि हा प्रत्येकाला शांतपणे सांगणार, "इन्शाल्ला होऊन जाईल, आम्ही आहोत ना." तिथे ते होतंही, कारण मागे बारा टेक्निशियन आणि दोन व्हॅन आहेत. घरी मागे मी एकटी आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही.

तर जुलै लागला की आमच्या गल्लीतली निम्मी घरं गावाला जातात. रोल्ला बाजाराच्या गर्दीपासून गाडीने दहा मिनिटांवर, जुन्या बैठ्या व्हिलांची गल्ली आहे ही. सगळे भारतातले, नाहीतर पाकिस्तानातले. जाताना सगळे घराची किल्ली आमच्याकडे देतात, कारण आम्ही मुलीच्या क्लासेसमुळे उन्हाळ्यात कुठे जात नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी हूकची पट्टी आहे, तिच्यावर ऑगस्टमध्ये किल्ल्यांचं प्रदर्शन भरतं. दर शनिवारी सकाळी सदानंद तो जुडगा घेऊन निघतो, गुरव देवळं उघडायला निघावा तसा. प्रत्येक घरात शिरायचं, तासभर एसी चालवायचा म्हणजे भिंतींना बुरशी धरत नाही. नळ सोडायचे म्हणजे मोरीला वास येत नाही. कुंड्यांना पाणी घालायचं. खलास.

त्या बुधवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर हूकवर आणखी एक किल्ली. हिरव्या मण्यांची साखळी होती तिला.

"ही कुणाची?"

"शेजारच्या कुबराची. हैदराबादला गेली. आई एकदम सिरियस झाली म्हणे, हॉस्पिटलमध्ये आहे. टॅक्सी उभीच होती बिचारीची."

"काय म्हणाली?"

"तेच गं, नेहमीचं. घराकडे लक्ष ठेवा." सदानंदच्या कानाला तेव्हाही फोन होता. अबू धाबीकडे मुसफ्फाच्या एका साइटवर कॉम्प्रेसर बसला होता आणि सुपरवायझर पलीकडून ओरडत होता, ते मला इथपर्यंत ऐकू येत होतं. "शनिवारी बघून येतो," एवढं मला म्हणून तो पुन्हा कॉम्प्रेसरकडे वळला.

कुबरा म्हणजे आमची डाव्या हाताची शेजारीण. नर्स आहे, एकटी राहते. पस्तिशीची असेल. वर्षभर झालं येऊन, पण तिच्या ड्युट्या अशा की आमची गाठभेट फाटकापाशी, तीही "कैसी हैं आपा, हौ, ठीक हूँ" एवढीच. तिच्याकडे कुत्रा आहे हे माहीत होतं. बदामी रंगाचा, हडकुळा, लांब पायांचा, रस्त्यावरून उचलून आणलेला. पण तो घरातच असायचा. आम्हाला क्वचित भुंकणं ऐकू यायचं.

गुरुवारी माझा हाफ डे होता. दुपारी दोनला घरी आले. बाहेर ऊन म्हणजे काय सांगू, गाडीचं स्टिअरिंग ओढणीने धरून चालवत आले. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि सहज खिडकीतून बाहेर बघितलं.

आमच्या आणि कुबराच्या घराच्या मध्ये एक चिंचोळी बोळकंडी आहे. ती तिच्या बाजूची. तिच्या स्वयंपाकघराचं दार तिथे उघडतं आणि पुढच्या टोकाला लोखंडी फाटक आहे, कुलूप लावलेलं. आमची खिडकी त्याच बोळकंडीवर उघडते, पण तिला ग्रिल. त्या बोळकंडीत तो कुत्रा पडला होता. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं वरखाली, आणि डोळे अर्धे मिटलेले.

माझं डोकंच फिरलं. बाई नर्स आहे! माणसांना सलाइन लावते, आणि मुक्या जिवाला या भट्टीत टाकून विमानात बसली? इथे दुपारच्या वेळी उघड्यावर माणसांना कामाला लावायला सरकारने बंदी घातलीय, ते नियम सदानंद रोज टेक्निशियन लोकांना घोकून दाखवतो. माणसांना बंदी आहे, कुत्र्याला काय सुटी नाही? मी तिथल्या तिथे कुबराला अशा शिव्या घातल्या, की बरं झालं ओवी क्लासला होती.

संध्याकाळी सदानंद आला तेव्हा मी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. हाताला धरून खिडकीशी नेलं. "बघ. बघ तुझी बिचारी कुबरा."

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अरेच्या." मग म्हणाला, "हा तिथेच का बसलाय?"

"म्हणजे?"

"बोळकंडी एवढी लांब आहे. त्या टोकाला सावली जास्त आहे. हा आपल्या आउटडोअर युनिटच्या समोर का बसलाय?"

खरंच की. आमच्या हॉलच्या एसीचं बाहेरचं युनिट त्या भिंतीला टांगलंय, आणि त्यातून जो गरम वारा निघतो तो हातावर घेतला तरी चटका बसतो. कुत्रा बरोब्बर त्या वाऱ्यात बसला होता. तेवढ्यात त्याने मान उचलली आणि जीभ लांब केली. युनिटशेजारी एसीच्या पाण्याचा पाइप बाहेर काढलाय, त्यातून पाणी टपकत होतं. टप, टप. तो थेंब चाटत होता.

आमच्या एसीच्या पाण्यावर तो जगत होता, आणि आमच्याच एसीच्या वाऱ्यात भाजत होता.

"एसी बंद कर!" मी ओरडले.

सदानंदने रिमोट उचलला आणि तसाच उभा राहिला. "बंद केला तर पाणी बंद होईल गं."

"मग चालू ठेव."

"चालू ठेवला तर गरम हवा."

"अरे मग काहीतरी कर!"

त्याने बंद केला. पाच मिनिटांत पाइप कोरडा झाला आणि कुत्रा त्या पाइपाकडे अशा काही आशेने बघू लागला, की सदानंदने पुन्हा चालू केला. मग मला बघवेना म्हणून मी बंद केला. मग त्याने चालू केला. अठरा वर्षं एसीच्या धंद्यात काढलेला माणूस हातात रिमोट घेऊन हॉलमध्ये घामाघूम उभा, आणि मी त्याच्यासमोर. आमच्या लग्नाचा सगळा इतिहास तेवढ्यात आला बघा.

ओवी आली आणि तिने आमच्याकडे बघितलं. "व्हॉट इज राँग विथ यू टू? जस्ट गिव्ह हिम वॉटर, ना!" तिने श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, त्याला सुतळी बांधली, पाणी भरलं आणि ग्रिलमधून खाली सोडला. कुत्रा आधी डब्याला बिचकला, मग घटाघटा प्याला. मी पोळीचे तुकडे टाकले. ते मात्र त्याने हुंगून सोडून दिले, आणि पुन्हा जाऊन त्या युनिटसमोरच बसला. का, ते त्यालाच ठाऊक. बहुतेक डब्याचा भरवसा त्याला वाटेना.

मग रात्रीच्या जेवणावर परिषद भरली. काय करायचं?

ओवी फोन घेऊनच बसली होती. तिने खिडकीतून फोटो काढला होता आणि शारजातल्या प्राणिप्रेमींच्या ग्रुपवर टाकायचा होता, कुबराच्या नावासकट. "दिस इज क्रुएल्टी, आई. पीपल शुड नो हर नेम."

"टाक," मी म्हणाले.

"थांबा, थांबा," सदानंद म्हणाला. "इथे असल्या गोष्टींचा दंड केवढा असतो माहितेय का? नोकरी जाईल तिची. व्हिसा जाईल. आई तिकडे मरायला टेकलीय."

"मग म्युनिसिपालिटीला फोन कर."

"ते कुत्रा घेऊन जातील. मग? परत देतात का? ती येऊन आपल्याला विचारेल, माझा कुत्रा कुठाय."

"मग पोलीस?"

"अगं, शेजाऱ्यावर पोलीस?"

"मग किल्ली आहे ना आपल्याकडे! जा, दार उघड, त्याला आत घे."

तो कावराबावरा झाला. "बाईमाणसाचं घर. ती नसताना रात्री आत शिरायचं? आणि तिने बाहेर ठेवलाय म्हणजे काहीतरी कारण असेल. आजारी असेल, चावत असेल. आत घेतला आणि सोफा फाडला तर?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. त्याने ऑफिसातल्या दोघांना फोन लावले. एक म्हणाला लगेच तक्रार कर, दुसरा म्हणाला अजिबात यात पडू नकोस, परका मुलूख आहे. झालं! आधी एक डोकं गोंधळलेलं होतं, आता तीन झाली.

तेवढ्यात त्याच्या फोनवर कुबराचा मेसेज आला. 'भाईसाब, वहाँ सब ठीक है ना?'

मी म्हणाले, "लिही. लिही, की तुझा कुत्रा मरायला लागलाय, लाज वाटते का?"

"तिची आई आयसीयूत आहे, सुचित्रा."

"घराची चौकशी करायला वेळ आहे, कुत्र्याबद्दल एक शब्द नाही! कसली बाई आहे ही!"

सदानंदने बराच वेळ अंगठा फोनवर धरून ठेवला. शेवटी लिहिलं, 'सब ठीक. आप अम्मी को देखिए. चिंता मत कीजिए, हम हैं ना.' आणि खाली हात जोडलेलं चित्र. मी कपाळावर हात मारून घेतला. ओवी "अनबिलीव्हेबल" म्हणत खोलीत निघून गेली. पण फोटो तिने टाकला नाही. बाबा म्हणाले एक दिवस थांब, म्हणून थांबली.

शुक्रवारी सकाळी सदानंदने ऑफिसला जाताना डबा भरला, बर्फाचे खडे टाकले, एसी चालू ठेवायचा की नाही यावर पुन्हा पाच मिनिटं दारात घालवली आणि चालू ठेवून गेला. माझं ऑफिसात लक्ष लागेना. समोर माणूस गाडीच्या इन्शुरन्सचं विचारतोय आणि मला डोळ्यांपुढे ते वरखाली होणारं पोट दिसतंय. बरं, राग करायचा तरी कुणावर? कुबरावर केला तर तिची आई आठवते. सदानंदवर केला तर तो खरंच काय चुकला ते सांगता येत नाही. तक्रार केली तर एका बाईचं वाटोळं, नाही केली तर कुत्र्याचं. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, 'बघू' म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात असं चालत असेल का रोज?

चार वाजता ओवीचा फोन आला. रडत होती. आणि चक्क मराठीत बोलत होती. "आई, तो उठत नाहीये. मी पाणी ओतलं त्याच्यावर, तरी उठत नाहीये."

मी निघाले ते सरळ घरी. सदानंदलाही फोन केला, तोही निघाला. आम्ही मागेपुढेच पोहोचलो. मी पर्ससुद्धा न ठेवता हूकवरची हिरव्या मण्यांची किल्ली ओढली.

"सुचित्रा, आधी तिला विचारू या का?"

"तू विचारत बस."

मी कुबराचं पुढचं दार उघडलं. माझ्यामागे सदानंद, त्याच्यामागे ओवी. आणि दारातच आम्ही तिघं थबकलो.

घर गार होतं. चांगलं गारेगार. एसी चालू होता, चोवीसवर. बुधवारपासून रिकाम्या घरात चालू. हॉलच्या कोपऱ्यात एक जाड गादी, तिच्यावर जुनी चादर, एक चावलेलं रबरी हाड. स्वयंपाकघरात ओट्याखाली दोन स्टीलच्या वाट्या, एकीत पाणी काठोकाठ, दुसरीत खाणं, कडक झालेलं. शेजारी खाण्याची उघडलेली पिशवी, आणि त्यात मापाला कप ठेवलेला.

"हे काय आहे?" मी म्हणाले. सदानंदने स्वयंपाकघराचं दार उघडलं. बाहेरचा लोट अंगावर आला. कुत्र्याने एक डोळा उघडला, आमच्याकडे नाही, आत, त्या गार घराकडे बघितलं. सदानंदने त्याला दोन्ही हातांवर उचललं. ज्याला चावेल म्हणून घाबरत होतो त्याची मान सदानंदच्या दंडावरून लोंबत होती.

ओवीने ओला टॉवेल आणला. मी फोन काढला आणि कुबराला लावला. मला काहीच कळत नव्हतं, आणि मला काही कळलं नाही की मी आधी भांडते. म्हटलं आता हिला सोडत नाही.

पहिल्या रिंगला उचलला. मागे हॉस्पिटलचा आवाज येत होता.

"आपा? बादाम ठीक है ना? खाना खाया उसने?"

मी फोन स्पीकरवर टाकला.

"अकेला रहता तो खाता नहीं वो। उस दिन टॅक्सी आ गई थी, और ये गल्ली में से अंदर आ ही नहीं रहा था। मैंने भाईसाब के हाथ में चाबी दी, बोली पाँच मिनट में अंदर ले लेना, खाना किचन में है, एसी चालू है। भाईसाब बोले, निश्चिंत जाओ, हम हैं ना। सच्ची आपा, आप लोग नहीं होते तो मैं निकलती ही नहीं। अम्मी कल आँखें खोलीं। मुझे पहचानीं।"

मी सदानंदकडे बघितलं. तो जमिनीवर बसला होता, मांडीवर कुत्र्याचं डोकं, आणि त्याचा चेहरा असा काही झाला होता की मला माझ्याच नवऱ्याची भीती वाटली. याला उन्हात टाकलं म्हणून दोन दिवस मी ज्या माणसाला शिव्या घालत होते, तो माणूस इथेच रिमोट घेऊन फिरत होता.

'हौ, खाया' म्हणून टाकावं असं वाटलं. खरं सांगते, जिभेवर आलं होतं. तिची आई आजारी, कशाला सांगा. पण सदानंदने हात पुढे केला आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"कुबराजी, बादाम की तबियत ठीक नहीं है. ग़लती मेरी है. आपने जो बोला वो मैंने सुना ही नहीं. मैं फोन पर था. वो दो दिन बाहर था. अभी डॉक्टर के पास ले जा रहा हूँ."

तो अडखळला नाही. 'आम्ही आहोत ना' सोडून दुसरं वाक्य त्याने न अडखळता बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पलीकडून तिने रडत एवढंच विचारलं, "अभी साँस ले रहा है ना?"

"ले रहा है."

"तो जाइए, भाईसाब. जल्दी जाइए."

गाडीत मी आणि ओवी मागच्या सीटवर, आमच्या मांडीवर बादाम. वाटेत सदानंदने एकही फोन उचलला नाही. मुसफ्फा वाजत होतं, अल क्वोज वाजत होतं, वाजू दिलं. डॉक्टरांनी कुत्र्याला सलाइन लावलं, पंख्याखाली ठेवलं, आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाले की पाणी मिळत होतं म्हणून वाचला. कुठलं पाणी, ते आम्ही सांगितलं नाही. तास-दोन तासांनी बादामने शेपूट हलवलं. फार नाही, एकदाच, जमिनीवर आपटल्यासारखं. ओवीने तिथेच गुडघ्यांवर बसून त्याची माफी मागितली, इंग्लिशमध्ये. मग फोन काढून तो फोटो पुसून टाकला.

शनिवारी बाकी सगळ्या किल्ल्या हूकवरच राहिल्या. सदानंद कुबराच्या घरात बादामपाशी बसून होता. जेवायला बोलावलं तर "बघू" म्हणाला नाही, "नको" म्हणाला. मी रागवायचं ठरवून गेले होते. 'किती वेळा सांगितलं, ऐकत जा, ऐकत जा' हे भाषण तयार होतं. पण त्याच्याकडे बघून तोंड उघडलं नाही. कुबराचा मेसेज आला होता, 'भाईसाब, बादाम का फोटो भेजो.' रागाचा एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं तो म्हणाला.

रविवारी आमचा पुण्याला फोन करायचा दिवस. माझे सासरे, अण्णा, चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटे असतात. सासूबाई गेल्यापासून. ऐंशीला आलेत, कानाने कमी, गुडघे गेलेले, पण हेका कायम, इथे यायचं नाही. त्यांच्या समोरच्या दारात विष्णुकाका राहतात. अण्णांची एक किल्ली त्यांच्याकडे असते आणि दोन वेळचा डबा काकूंच्या हातचा. दर रविवारी सदानंद आधी विष्णुकाकांना फोन करतो, "काका, अण्णा बरे आहेत ना?" ते म्हणतात, "अरे, तू निर्धास्त राहा, आम्ही आहोत ना." मग अण्णांना फोन, "बरे आहात ना?" "ठणठणीत." संपलं. पाच मिनिटांत आमचा रविवार मोकळा.

त्या रविवारीही विष्णुकाका तेच म्हणाले. "अरे सदा, निर्धास्त राहा, आम्ही आहोत ना."

सदानंदने फोन कानापासून काढला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा कानाला लावला. "काका, एक काम कराल? आत्ता अण्णांकडे जाता का? फोन चालूच ठेवा. मला त्यांना बघायचंय."

पलीकडे काका खाकरले. "आत्ता… म्हणजे असं आहे, आम्ही जरा नाशिकला आलोय. लेकीकडे. पंधरा दिवस झाले असतील. अण्णांना विचारलं होतं की. ते म्हणाले, मी ठणठणीत आहे, जा खुशाल. तुला कळवायचं राहिलं बघ."

"काही हरकत नाही, काका," सदानंद म्हणाला. त्याने फोन ठेवला आणि अण्णांना लावला.

"अण्णा, जेवलात?"

"जेवलो की."

"काय जेवलात?"

अण्णा गोंधळले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "दूध-पोहे."

"ते सकाळी. दुपारी काय?"

"दुपारचंच सांगतोय."

"आणि काल?"

"अरे, डबा नाहीये ना सध्या. खाली जायचं तर लिफ्ट बंद आहे. वाण्याचा पोऱ्या दूध आणून देतो, चाललंय माझं. तू कशाला जिवाला लावून घेतोस?"

"मला सांगायचं ना, अण्णा."

"सांगून काय?" अण्णा हसले. टोमणा नव्हता हो, अगदी मायेने म्हणाले. "तू म्हणणार, बघू."

सदानंदने डोळ्यांवर हात धरला. ओवी टेबलाशी बसली होती. तिने कानातले इअरफोन काढले, उठली आणि बाबाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. मी तांदूळ निवडत होते, तशीच थाळीत बोटं घालून बसले. गुरुवारी-शुक्रवारी कुबराला काय काय बोलले होते ते सगळं मला आठवत होतं. मुक्या जिवाला टाकून विमानात बसली म्हणाले होते. अठरा वर्षांपूर्वी अण्णांना सोडून विमानात बसून इथे कोण आलंय?

सदानंदने ऑफिसला फोन केला आणि सुटी सांगितली, मागितली नाही. मग लॅपटॉप उघडून त्याच रात्रीचं तिकीट काढलं. मला विचारलं नाही. एरवी मी यावरून घर डोक्यावर घेतलं असतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"माहीत नाही. त्यांना घेऊन येतो, नाहीतर मी राहतो. काय ते तिथे जाऊन ठरवतो." मग म्हणाला, "सुचित्रा, आपण काय करायचं गं?" पण यावेळी प्रश्न विचारून तो बसून राहिला नाही, बॅग भरायला उठला.

निघताना त्याने हूकवरून हिरव्या मण्यांची किल्ली काढून माझ्या हातात दिली. कुबरा यायला अजून आठवडा होता. टॅक्सी बाहेर उभी होती, त्याचा फोन वाजत होता. मी म्हणाले, "तू निश्चिंत जा रे, मी आहे…"

आणि थांबले. त्यानेही माझ्याकडे बघितलं.

"थांब," मी म्हणाले. "टॅक्सी थांबेल दोन मिनिटं. फोन बंद कर आधी. बादामला काय काय लागतं ते सांग. एकेक सांग."

त्याने फोन बंद केला, बॅग खाली ठेवली आणि सांगायला लागला. किती कप खाणं, पाणी कधी बदलायचं, बाहेर न्यायचं ते ऊन उतरल्यावर आणि परत आत आणून दार लागलंय का बघायचं. मी प्रत्येक गोष्ट त्याला परत म्हणून दाखवली. मग तो गेला, आणि मी किल्ली हूकवर न लावता हातात घेऊन शेजारी गेले, कारण बादामची जेवायची वेळ झाली होती.